आमची नगरपंचायत: खिडकीला चार स्टार, सभागृहाला एक

पहिलेच सांगून देतो, गावाचं नाव लिहीत नाही. तालुक्याचं ठिकाण आहे, कापूस-सोयाबीनचा पट्टा, दोन जिनिंग, एक ग्रामीण रुग्णालय, बुधवारचा बाजार, एवढ्यावरून ज्याला ओळखायचं तो ओळखेल अन् बाकीच्यांना आपलंच गाव वाटेल. माझं झेरॉक्सचं दुकान ऑफिसच्या गेटसमोर आहे, आतमध्ये जो कागद जाते तो बहुतेक माझ्या मशीनवरून जाते, त्यामुळे ह्या रिव्ह्यूत माझा थोडा स्वार्थ आहे असं धरून चाला. त्यांनी उद्या कागद मागणं बंद केलं तर माझं दुकान बसते.

2015 पर्यंत इथे ग्रामपंचायत होती. मग सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करून टाकल्या, त्यात आमचाही नंबर लागला. सरपंच गेले, ग्रामसेवक गेले, मुख्याधिकारी (सीओ) आले, गावाचे 17 प्रभाग पडले, अन् 1965 चा नगरपरिषदेचा कायदा लागू झाला. बोर्ड बदलला, भिंती रंगवल्या. आतमधली माणसं मात्र बरीचशी तीच, समावेशनात घेतलेली, आणि खरं सांगू का, ऑफिस चालते ते त्यांच्याच भरोशावर, कारण कोणाचं घर कोणत्या गल्लीत अन् त्या घराच्या वाटण्या कशा झाल्या हे त्यांनाच ठाऊक. सीओ साहेब येतात, गाव समजून घेतात, तोवर त्यांच्या बदलीची ऑर्डर निघते.

आता दाखल्याची खिडकी. इथे मी चार स्टार देतो अन् मनापासून देतो. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, थकबाकी नसल्याचा दाखला, ही कामं आता खरंच होऊन राहिली. लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये आला, त्याचा एक मोठा बोर्ड दारातच लावलेला आहे, कोणत्या कामाला किती दिवस, अधिकारी कोण, अपील कोणाकडे. जन्माच्या दाखल्याला तीन दिवस लिहिले आहेत. लोक त्या बोर्डाला टेकून उभे राहतात पण वाचत कोणी नाही. सगळी मेख पोच मध्ये आहे. अर्ज दिला अन् बाबू म्हणाला "ठेवून जा भाऊ, पाहू", तर तो अर्ज कुठे राहतो ते देवालाच माहीत, कारण तारखेची पोच नसली तर तुमचे तीन दिवस सुरूच होत नाहीत. तुम्ही तिथेच उभं राहून शांतपणे म्हणायचं, साहेब तेवढी पोच देऊन द्या. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. पोच मिळाली की त्याच दिवशी काम मार्गी लागते असा माझा अनुभव आहे, कारण उशीर झाला तर पहिलं अपील, दुसरं अपील, अन् दंड पाचशे पासून पाच हजारापर्यंत, तो पण अधिकाऱ्याच्या खिशातून. आमच्याकडे कोणी अपिलापर्यंत गेलेलं मी तरी पाहिलं नाही, पोचेवरच भागते.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. मराठी अन् इंग्रजी दोन्ही. माझ्याकडे रोज कोणी ना कोणी येते, पोराच्या ॲडमिशनसाठी दाखल्याची झेरॉक्स पाहिजे, मी काचेवर ठेवायच्या आधी नजर टाकतो तर आईचं नाव दाखल्यावर माहेरचं अन् आधारवर सासरचं. किंवा पोराच्या नावाची जागा कोरीच, कारण जन्मल्यावर 21 दिवसात नोंद दवाखान्यातून झाली, पण बारसं राहिलं होतं म्हणून नाव टाकलं नाही, अन् मग कोणाच्या ध्यानातच नाही आलं. वर्षभरात नाव टाकायला पैसे नाही लागत, त्यानंतर लेट फी भरून 15 वर्षांपर्यंत टाकता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या लेकरांना तर शाळेपासून पासपोर्टापर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच कागद चालणार आहे, त्यामुळे आळस करू नका बाप्पा. अन् नोंदच एक वर्षाच्या वर राहिली असेल तर विषय इथे संपत नाही, तहसीलच्या पायऱ्या आल्या.

टॅक्सच्या टेबलाला अडीच. माणूस चांगला आहे तिथला, पण बिल कोणाला समजत नाही. एकत्रित मालमत्ता कर, वृक्ष कर, शिक्षण कर, रोजगार हमी कर, अग्निशमन, स्वच्छता, असे कॉलम अन् सगळ्यात शेवटी शास्ती, म्हणजे उशिरा भरल्याचा दंड. लोक वरची रक्कम पाहून म्हणतात एवढंच तर आहे, भरू दिवाळीनंतर कापूस निघाल्यावर. पण शास्ती दर महिन्याला दोन टक्के लागते, म्हणजे वर्षाची 24 टक्के, एवढं तर गावातला व्याजानं पैसे देणारा पण कधीकधी घेत नाही. मग मार्चमध्ये वसुली पथक निघते, भोंगा लावलेला ऑटो गल्लीतून फिरते, नळ कापतो म्हणून नोटीस येते, अन् चौकात थकबाकीदारांच्या नावाचा फ्लेक्स लागते. त्या फ्लेक्सवर मोठ्या धेंडांची नावं शेवटी अन् बारीक अक्षरात असतात हे मी फक्त नोंदवून ठेवतो. मार्चमध्ये दुसऱ्या कोणत्याच कामासाठी जाऊ नका, अख्खा स्टाफ वसुलीवर असते, खिडकीवर फक्त पंखा फिरत राहते.

ज्यांच्या घराला अजून आजोबाचंच नाव लागून आहे त्यांनी फेरफार करून घ्या. वारसाचे कागद बरोबर असले तर काम पंधरा दिवसाचं, पण भावाभावांची सही एका कागदावर आणण्यात वर्ष जातात, त्यात नगरपंचायतीचा काही दोष नाही.

पाण्याबद्दल लिहिलं तर शिव्याच लिहीन म्हणून थोडक्यात. उन्हाळ्यात नळ तीन दिवसाआड, अन् आला की ज्याच्या घरी टिल्लू पंप (नळाला लावून पाणी ओढणारी छोटी मोटर) त्याची टाकी भरते, टोकावरच्या घरी फक्त हवा येते. टिल्लू जप्तीची मोहीम दरवर्षी निघते, पथक गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आधी मागच्या टोकापर्यंत फोन गेलेले असतात. पाणीपट्टी मात्र बारा महिन्यांची पूर्ण. घंटागाडी वेळेवर येते, हे मान्य केलंच पाहिजे, सफाईच्या बाया तर पाचलाच रस्त्यावर असतात अन् त्यांचे पगार दोन-दोन महिने लटकतात. ओला-सुका वेगळा द्या म्हणते, आम्ही देतो, पुढे नाल्याकाठी दोन्ही एकाच ढिगात जाते.

घरकुलात नगरपंचायत झाल्याचा खरा फायदा आहे. ग्रामीणच्या योजनेत 1 लाख 20 हजार मिळायचे, शहरीमध्ये केंद्राचे दीड अन् राज्याचा एक मिळून अडीच लाख मिळतात. दुप्पट झाले म्हणून लोक खुश झाले, पण जागा स्वतःच्या नावावर लागते, अन् आमच्या जुन्या वस्तीतली अर्धी घरं नझूलवर, म्हणजे सरकारी जागेवर, नाहीतर अतिक्रमणात, तीन पिढ्या राहून पण पट्टा नाही. ज्यांना पट्टे भेटले त्यांची घरं उभी झाली, बाकीचे कुडाच्या घरात बसून शेजारच्या स्लॅबकडे पाहून राहिले. अन् हप्ता फोटो काढून टॅग केल्याशिवाय पडत नाही, जोत्याचा फोटो, लिंटलचा फोटो, स्लॅबचा फोटो, म्हणजे बांधायचं आधी स्वतःच्या पैशानं अन् नंतर हप्त्याची वाट पाहायची. एक म्हातारी माझ्याकडे बँकेचं पासबुक घेऊन यायची, "पाय बरं बाबू, मा पैसा आला का", मी म्हणायचो आजी हे बँकेत विचारा, तर म्हणे "बँकवाला तोंड वर करून पायत नाही, तू तरी पायतं". घरकुलवाल्याला 5 ब्रास रेती फुकट आहे म्हणतात, पण तो पास हातात येईपर्यंत पावसाळा लागते.

आता ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला घेतला त्यावर येतो.

ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, शाळेच्या पटांगणात सतरंज्या, अन् कोणीही उठून सरपंचाला विचारायचं, का हो, त्या बोअरवेलचं काय झालं? अर्धा वेळ भांडणात जायचा, कोरम नाही म्हणून तहकूब व्हायची, सगळं कबूल. पण माईक कोणाच्याही हातात जायचा. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. इथे सर्वसाधारण सभा असते, दोन महिन्यातून एकदा घ्यावीच लागते, पण बोलायचं फक्त नगरसेवकांनी. तुम्ही मागे खुर्ची पाहून बसा अन् ऐका. कायद्यात वॉर्ड समित्या आहेत, पण त्या तीन लाख लोकसंख्येच्या वर सक्तीच्या, आपल्या इथे तर पंचवीस हजार पण नाही. म्हणजे मोठ्या शहरालाही काहीतरी आहे, लहान गावालाही आहे, मधल्या आमच्यासारख्यांना नाही.

मी एका सभेला जाऊन बसलो. विषयपत्रिका माझ्याच दुकानात झेरॉक्स झाली होती म्हणून मला विषय माहीत होते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. आठवडी बाजार वसुलीचा ठेका. कोंडवाड्याचा ठेका. दिवाबत्तीचं साहित्य. पावसाळ्यापूर्वी नालीसफाई. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतून कामं सुचवणे, त्यातला 60 टक्के तर पाणी अन् स्वच्छतेवरच लावावा लागते. आणि शेवटी ते सगळ्यांच्या आवडीचं, अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. बाबू एका सुरात वाचत गेला, सूचक अमुक, अनुमोदक तमुक, मंजूर. सूचक म्हणून ज्यांचं नाव घेतलं ते त्या वेळी मोबाईलवर बोलत बाहेर गेले होते. चहा यायच्या आत बाजाराचा ठेका, कोंडवाडा अन् लाईट तिन्ही आटोपले.

17 पैकी 9 जागा बायांच्या, अर्ध्या राखीव आहेत म्हणून. त्यातल्या काहींचे मिस्टर मागच्या रांगेत बसून मानेनं खुणा करत होते, ते गावोगाव दिसते. पण एक ताई उठल्या अन् नालीच्या विषयावर अडून बसल्या. त्यांच्या प्रभागात गट्टूचा (पेव्हिंग ब्लॉकचा) रस्ता झाला. जुना सिमेंट रस्ता न खोदता त्याच्यावरच गट्टू टाकले, त्यामुळे रस्ता घराच्या उंबरठ्याच्या वर गेला, अन् नाली केलीच नाही कारण इस्टिमेटमध्ये नाली नव्हती. पाऊस आला की रस्त्याचं पाणी सरळ चुलीत. ताई म्हणाल्या, "तुम्ही सगळे एकदा पावसात या नं माया घरी, चहा करून देतो, फक्त चूल पेटवून द्या." सभागृह हसलं. त्या नाही हसल्या. अभियंता म्हणाले काम मंजूर नकाशाप्रमाणे झालेलं आहे. ताई म्हणाल्या नकाशात आमची घरं होती का नाही ते सांगा. वीस-पंचवीस मिनिटं हे चाललं, कोणी बिल थांबवा म्हणे, कोणी म्हणे बिल तर गेलं. अध्यक्षांनी शेवटी नाली प्रस्तावित करा म्हणून सांगितलं अन् पुढचा विषय घेतला.

महिनाभरानं त्या सभेचं इतिवृत्त कोणीतरी माहिती अधिकारात मागितलं, दहा रुपयाचा अर्ज, पानाला दोन रुपये, अन् शिपाई ते रजिस्टर घेऊन माझ्याच दुकानात आला कारण ऑफिसची मशीन बंद. मी मुद्दाम तो विषय काढून पाहिला. चार ओळी होत्या. गट्टूच्या कामाबाबत सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजुरी देण्यात येत आहे, सूचक अन् अनुमोदक. ताईचं नाव नाही, चुलीचं नाही, नालीचं पण नाही. मी झेरॉक्स काढली अन् शिपायाला म्हटलं, दादा हे असं कसं? तो म्हणाला, "भाऊ, भांडण लिहत बसलो तर रजिस्टर पुरन का?"

म्हणून सभागृहाला एक स्टार, अन् तो पण त्या ताईमुळे. आमच्याकडची निवडणूक डिसेंबर 2021 अन् जानेवारी 2022 अशी तुकड्यात झाली, ओबीसी जागांचा कोर्टातला घोळ होता, तेव्हा घरोघरी सगळेच हात जोडून आले होते, त्यातले किती जण सभेत तोंड उघडतात हे पाहायला तुम्ही पण एकदा जाऊन बसा, तारीख नोटीस बोर्डावर सात दिवस आधी लागते. बसायला कोणी मना करत नाही, फक्त पाण्याची बाटली घरून न्या.

अन् हो, ऑफिसच्या भिंतीवर हागणदारीमुक्त शहराचं चित्र छान काढलं आहे, पण लोकांसाठीचं मुत्रीघर कुलपात असते, चाबी आवक-जावकच्या टेबलावर मागायची.

नालीचं इस्टिमेट आता तांत्रिक मंजुरीला गेलं आहे असं ऐकून आहे, नकाशाच्या चार कॉप्या माझ्याकडूनच निघाल्या. पावसाच्या आधी काम झालं तर सभागृहाचा एक स्टार वाढवतो.