मुद्रितशोधनासाठी घेतलेला २७ इंची दुसरा मॉनिटर : काही महिन्यांच्या वापरानंतर

घरी बसून मराठी पुस्तकांचे मुद्रितशोधन करणाऱ्याला लेखकाची मूळ संहिता आणि डीटीपी (संगणकावरची अक्षरजुळणी) होऊन आलेले प्रूफ ही दोन्ही एकाच वेळी समोर लागतात. १४ इंची लॅपटॉपवर दोन खिडक्या शेजारी मांडल्या, की प्रत्येकीच्या वाट्याला इतकी अरुंद जागा येते की ‘शुद्ध’मध्ये ‘द्ध’ पडला आहे की ‘ध्द’, हे पाहण्यासाठीही पान मोठे करून पुन्हा लहान करावे लागते. याच त्रासामुळे गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर मी २७ इंची, २५६० × १४४० पिक्सेलचा, आयपीएस पॅनेलचा (बाजूने पाहिले तरी रंग फारसे न बदलणारा) आणि उभा फिरवता येणारा मॉनिटर घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. या प्रकारचे मॉनिटर अनेक कंपन्या विकतात आणि मॉडेलांची नावे सतत बदलत असतात. निवड करताना उपयोगी पडतात ती त्याची मापे.

दुकानात मॉनिटर इंचांवर विकला जातो. पण ते इंच कर्णाचे असतात आणि वाचणाऱ्याच्या कामी येते ती उंची. नेहमीच्या १६:९ प्रमाणातल्या २४ इंची पडद्याची उंची जेमतेम ३० सेंटिमीटर भरते आणि ए-फोर कागद २९.७ सेंटिमीटर उंच असतो. म्हणजे पान खऱ्या आकारात बसते खरे. पण वरच्या मेनूला आणि खालच्या टास्कबारला जागाच उरत नाही आणि पान लहान करून वाचावे लागते. २७ इंची पडद्याची उंची साधारण ३३.६ सेंटिमीटर आणि रुंदी ६० सेंटिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे ए-फोरची दोन पाने खऱ्या आकारात शेजारीशेजारी राहतात आणि वर-खाली थोडी जागा शिल्लकही राहते. माझ्या कामापुरता हा हिशेब निर्णायक ठरला.

त्याच २७ इंचांत १९२० × १०८० पिक्सेलचे मॉनिटर बरेच स्वस्त मिळतात आणि विक्रेते ते आग्रहाने दाखवतात. मराठी वाचणाऱ्याने त्या मोहात पडू नये. तेवढेच पिक्सेल २४ इंचांत पसरले तर एका इंचात सुमारे ९२ येतात, २७ इंचांत मात्र ते ८२ पर्यंत उतरतात. १४४० ओळींच्या पडद्यावर हाच आकडा १०९ होतो. रोमन अक्षराचे बहुतेक काम एका पट्ट्यात भागते, पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, तर खाली उकार आणि जोडाक्षराचा अर्धा भाग, एवढे सगळे तेवढ्याच उंचीत सामावून घ्यावे लागते. पिक्सेल कमी पडले की रफारावरचा अनुस्वार त्याला चिकटून दिसतो, आणि नेमकी तीच चूक पकडण्याचे पैसे आपल्याला मिळत असतात. २७ इंचांतच ४के (३८४० × २१६० पिक्सेल) घेतले तर घनता, म्हणजे एका इंचातले पिक्सेल, १६३ पर्यंत जाते. विंडोजमध्ये १५० टक्के स्केलिंग (अक्षरे आणि खिडक्या दीडपट मोठ्या दाखवण्याची सोय) ठेवल्यावर मोकळी जागा १४४० ओळींच्या पडद्याइतकीच राहते, फक्त अक्षर अधिक रेखीव होते. ज्यांना परवडेल त्यांनी ते जरूर घ्यावे. माझ्या १४ इंची फुल एचडी (१९२० × १०८०) लॅपटॉपची घनता १५७ असल्यामुळे त्याच्यावरून नजर या पडद्याकडे वळवली की अक्षर किंचित भरड वाटते, आणि इतक्या महिन्यांनंतरही ते जाणवायचे थांबलेले नाही.

पडदा उभा करून वापरण्याची सोय मला जितकी महत्त्वाची वाटली होती, तितकी ती ठरली नाही. लांबलचक मजकूर एका ओघात वाचताना ती सुखाची आहे. डेमी आकाराची (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची) पाने दीडपट करून एकाखाली एक सरकवता येतात. पण उभ्या पडद्याची वरची कड टेबलापासून दोन फुटांच्या बरीच वर जाते, आणि प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला) लावणाऱ्याला जवळचे वाचण्यासाठी काचेचा खालचा भाग वापरावा लागत असल्याने वरच्या ओळी वाचताना हनुवटी उचलून धरावी लागते. तासाभरात मान त्याची जाणीव करून देते. शिवाय विंडोजचे क्लिअरटाइप हे तंत्र पिक्सेलमधले लाल, हिरवे आणि निळे भाग आडवे शेजारी आहेत असे गृहीत धरून अक्षराच्या कडा गुळगुळीत करते. पडदा फिरवला की ते भाग एकावर एक येतात आणि कान्याच्या कडेला पुसटसा रंग दिसू लागतो. म्हणून सध्या पडदा आडवाच असतो. फिरणाऱ्या स्टँडचे पैसे मात्र वाया गेले नाहीत, कारण हा स्टँड खाली-वरही होतो आणि चष्म्यासाठी पडदा बराच खाली आणता येणे हीच त्याची खरी किंमत आहे. ज्यांचा स्टँड हलत नाही त्यांनी मागे १०० × १०० मिलिमीटरची वेसा भोके (आर्म बसवण्यासाठीची प्रमाणित स्क्रूची भोके) आहेत ना, एवढे पाहून टेबलाला अडकवायचा स्वतंत्र आर्म लावावा; फक्त टेबल पार्टिकल बोर्डचे असेल तर क्लॅम्पखाली लाकडी पट्टी द्यावी, नाहीतर बोर्ड दबतो.

यूएसबी-सीची एकच केबल चित्रही नेते आणि लॅपटॉप चार्जही करते, ही सोय अपेक्षेपेक्षा जास्त आवडली. मात्र लॅपटॉपवरच्या प्रत्येक यूएसबी-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. त्या पोर्टला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड, म्हणजे यूएसबी-सीमधून चित्र पाठवण्याची सोय, लागते, आणि मॉनिटर देत असलेले वॅट लॅपटॉपच्या चार्जरइतके असावे लागतात. माझ्या लॅपटॉपला ६५ वॅट पुरतात. पावसाळ्यात वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण पडदा विझतो आणि नीट मांडलेल्या सगळ्या खिडक्या लहान पडद्यावर येऊन गर्दी करतात. घरात इन्व्हर्टर असेल तर मॉनिटर त्यावर टाकावा, पण चार्जिंगचा भारही त्यातूनच जातो हे हिशेबात धरावे.

पडद्याचे अंगचे स्पीकर नावापुरते आहेत. पृष्ठभाग मॅट असल्याने खिडकीचे प्रतिबिंब फारसे पडत नाही. मुखपृष्ठाच्या रंगांचा निर्णय मात्र मी या पडद्यावर घेत नाही. छपाई सीएमवायके (निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी) शाईत होते आणि त्यासाठी छापील प्रूफच पाहावे लागते.

ज्यांचे टेबल तीन फुटांचेच आहे आणि शेजारी लॅपटॉपही उघडा ठेवायचा आहे, त्यांना २७ इंच अडचणीचे होतील. त्यांनी १६:१० प्रमाणातला, १९२० × १२०० पिक्सेलचा २४ इंची मॉनिटर शोधावा. त्याची घनता इंचाला ९४ च्या आसपासच असते, पण उंची ३२ सेंटिमीटरच्या थोडी वर जाते आणि रुंदी ५१ पेक्षा जास्त असल्याने ए-फोरची दोन पाने त्यावरही बसतात. दुकानात तो सहसा मांडलेला नसतो, सांगून मागवावा लागतो.