तस्कनीत सायकल सहल ठरवताय? आमचे साडेचार लाख कसे गेले ते आधी वाचा

हे लिहायला मला चार महिने लागले. पैसे गेले याचं वाईट वाटतंच, पण त्यातले निम्मे पैसे दादाचे होते आणि ते माझ्या शब्दावर गेले. ते सांगताना अजूनही जीव थोडा होतो. तरी लिहितोय, कारण एप्रिल-मेच्या सीझनसाठी आपल्यातले बरेच सायकलवाले याच दिवसांत बुकिंग करत असतात.

आम्ही चौघं: मी, बायको, दादा आणि वहिनी. दर रविवारी पानशेत नाहीतर सिंहगड पायथा ही आमची राइड. पुण्यात आता पहाटे पाचला निघालं तरी डंपर गाठतातच. त्यामुळे इटलीत, तस्कनी प्रांतातल्या कियांती भागातल्या निवांत रस्त्यांवर आठवडाभर सायकल चालवायची, हे दादाच्या निवृत्तीच्या आधीपासून घोकत होतो. द्राक्षमळ्यांमधून, सरूच्या रांगांमधून जाणारे ते पांढरे कच्चे रस्ते, ज्यांना तिथे स्त्रादे बियांके म्हणतात. मागच्या मे महिन्यात मी शोधाशोध सुरू केली आणि एका सायकल टूर कंपनीची वेबसाइट सापडली. सहा दिवस, भाड्याच्या सायकली, शेतघरांत म्हणजे आग्रितुरिस्मोत मुक्काम, सामान गाडीने पुढच्या मुक्कामाला पोचवणार. वर 'गाड्या जवळजवळ नसलेल्या गुप्त रस्त्यांच्या' जीपीएक्स फाइल्स, म्हणजे सायकल कॉम्प्युटरवर टाकायचे मार्गाचे नकाशे. माणशी ११५० युरो. आगाऊ पैसे भरले तर शेवटचा मुक्काम फुकट.

माणूस फोनवर छान बोलायचा. दादाचं वय विचारून म्हणाला, त्यांना ३४ दातांची कॅसेट (मागच्या चाकाची गिअर चक्रं) देतो, राद्दा गावाच्या चढाला बरं पडेल. कॅसेटच्या दातांवर बोलणारा माणूस खोटा असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

क्रेडिट कार्डाने भरायचे म्हटलं तर म्हणाला चार टक्के जास्त पडतील, बँकेतून पाठवा. जूनमध्ये मी शाखेत गेलो. परदेशी पैसे पाठवायचा ए-टू फॉर्म भरला. काउंटरवरच्या अधिकारी बाईंनी तो वाचला आणि लाभार्थ्याच्या नावासमोर पेनाचा ठिपका ठेवून फॉर्म माझ्याकडे परत सरकवला. "सर, कंपनी इटलीची म्हणताय ना? हा आयबॅन, म्हणजे खाते क्रमांक, एल-टी ने सुरू होतोय. हे लिथुआनिया. आणि नाव कंपनीचं नाही, माणसाचं आहे." मी तिथूनच मेसेज केला. मिनिटाच्या आत उत्तर आलं: परदेशी ग्राहकांसाठी तिकडे खातं ठेवलंय, शुल्क कमी पडतं, नाव मालकाचं आहे. मी बाईंना म्हटलं, "करा तुम्ही, माझं बोलणं झालंय." त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

संध्याकाळी दादाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "तू बघितलंयस ना सगळं? मग झालं."

त्यानंतरची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या माणसाने सहाही मुक्कामांची बुकिंग व्हाउचर्स पाठवली. ती आम्ही शेंगेन व्हिसाच्या अर्जाला जोडली. व्हिसा मिळाला आणि आम्हा सगळ्यांनाच वाटलं की कागद तपासले गेले, म्हणजे ते खरेच असणार. व्हिसा मिळाला म्हणून हॉटेलचं बुकिंग खरं ठरत नाही, हे मला त्या वेळी सुचायला हवं होतं. उलट खोटे कागद आपल्याच सहीच्या अर्जात गेले, ही धास्ती नंतर कितीतरी दिवस होती.

सप्टेंबरमध्ये फ्लोरेन्सला उतरलो, प्रादेशिक रेल्वेने सिएनाला गेलो. स्टेशनवर सायकली घेऊन माणूस येणार होता. दीड तास बसलो. फोन बंद, मेसेजला एकच टिक. शेवटी टॅक्सी करून पहिल्या मुक्कामाच्या पत्त्यावर गेलो. शेतघर खरं होतं, अगदी फोटोतल्यासारखं. मालकीणबाई हात पुसत बाहेर आल्या. मी व्हाउचर दाखवलं, त्यांनी आत जाऊन रजिस्टर आणलं आणि त्या तारखेच्या ओळीवर बोट ठेवलं. आमचं नाव नव्हतं. असल्या कंपनीचं नावही त्यांनी ऐकलं नव्हतं. वहिनी अंगणातल्या कट्ट्यावर बसल्या आणि पाणी मागितलं. त्या रात्री बाईंनी आम्हाला एक खोली दिली, दुसरी रिकामी नव्हती. सुरकुतलेला व्हाउचरचा कागद दादाने घडी घालून पाकिटात ठेवला. मला एका शब्दाने बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

सकाळी सिएनात काराबिन्येरींच्या, म्हणजे तिथल्या पोलिसांच्या ठाण्यात तक्रार दिली. तिला तिथे देनुंचा म्हणतात. तिची शिक्क्याची प्रत मागून घ्या. विमा, बँक, आपल्याकडची पोलीस तक्रार, सगळीकडे ती लागते. विमानाची परतीची तिकिटं सात दिवसांनंतरची होती. दादाच म्हणाला, आलोय तर चालवूया. स्टेशनपासून फार लांब नसलेल्या एका दुकानातून, कार्डावर अनामत ठेवून, चार सायकली घेतल्या.

फसवणुकीचा दुसरा भाग इथे उघडा पडला. 'पहिला दिवस' नावाची फाइल सायकल कॉम्प्युटरवर टाकून निघालो. शहराबाहेर पडताच ट्रकांचा आवाज वाढत गेला आणि ती रेघ आम्हाला थेट सिएना-फ्लोरेन्स जलद मार्गाच्या रॅम्पवर घेऊन गेली. चार पदरी रस्ता. तोंडाशीच फलक होता, पादचारी आणि सायकलींना मनाई. एक गाडीवाला हॉर्न वाजवत, हात हलवत गेला. चौघांनी सायकली उचलून कठड्याच्या कडेने मागे आणल्या. वहिनींचा हात थरथरत होता. मोटारीचा रस्ता कुठल्यातरी ॲपमधून काढून 'गुप्त रस्ता' म्हणून विकला होता. पुण्यात मी ती फाइल फोनवर उघडली होती, वळणावळणाची रेघ बघून खूश झालो होतो. ती मोठी करून, रस्त्याचे फोटो बघितले असते तर पाच मिनिटांत कळलं असतं. पैसे जाणं वेगळं; अशा फाइलवर विसंबून कुणाचा जीव जाऊ शकतो.

परत दुकानात गेलो. म्हाताऱ्या मालकांनी फाइल पाहिली आणि नकाशावर बोट ठेवून म्हणाले, यासाठी पैसे कशाला दिलेत? गायोले गावाला जा, तपकिरी पाट्या बघा. लेरोइका ही जुन्या सायकलींची राइड तिथे १९९७ पासून ऑक्टोबरच्या सुरुवातीला होते. तिथे मुख्यतः १९८७ किंवा त्याआधी बनलेल्या सायकली असतात. तिचा २०९ किलोमीटरचा मार्ग कायमचा पाट्या लावून ठेवलेला आहे. वर्षभर कुणीही जावं, एक पैसा पडत नाही.

दुसऱ्या दिवशी गायोलेहून त्या पाट्यांमागे ब्रोलिओच्या किल्ल्याकडे निघालो. डांबर संपलं, सरूंच्या दोन रांगांमधून पांढरा चढ सुरू झाला. आपल्याकडच्या मुरमाच्या रस्त्यासारखा, पण पिठासारखी धूळ. उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक घसरतं, म्हणून बसूनच चढायचं. द्राक्षतोडणी चालू होती. अर्ध्या तासात एक ट्रॅक्टर आणि दोन सायकलवाले भेटले. दादा वर पोचून बराच वेळ मागे वळून दरीकडे बघत उभा होता. आम्ही ज्यासाठी पैसे मोजले ते रस्ते खरे होते, तिथेच होते, आणि विकत घ्यायची गरजच नव्हती.

परत आल्यावर काय काय कळलं ते सांगतो. वेबसाइटच्या तळाशी पार्तिता इवा, म्हणजे त्यांचा अकरा अंकी कर क्रमांक होता. युरोपीय आयोगाच्या व्हीआयईएस या मोफत पानावर तो टाकला, तर तो बांधकाम साहित्याच्या एका व्यापाऱ्याचा निघाला. इटलीचा आयबॅन आय-टी ने सुरू होतो आणि २७ अक्षरांचा असतो, लिथुआनियाचा २०. परदेशी खातं म्हणजे लगेच फसवणूक असं नाही, पण बाईंनी ठिपका ठेवला तिथे मी थांबायला हवं होतं. पर्यटकांना दिलेल्या घरांच्या जाहिरातीत सीआयएन हा राष्ट्रीय कोड दाखवणं तिथे १ जानेवारी २०२५ पासून सक्तीचं आहे. आमच्या माहितीपत्रकात एकाही मुक्कामाचा कोड नव्हता. राहणं आणि सायकली एकत्र विकणाऱ्याने, स्वतः बुडाला तर ग्राहकाच्या पैशांना कुणाचं संरक्षण आहे, ते नाव आधी कळवायचं असतं. युरोपचा तसा नियम आहे. मी विचारलंच नाही. आणि सगळ्यात सोपं, सहा शेतघरांपैकी एकालाही स्वतः फोन केला नाही. ब्रोलिओहून आल्यावर बाकीच्या पाचांना केला. एकाकडेही बुकिंग नव्हतं.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेकडून पैसे परत मागवण्याचा संदेशही गेला. पण पैसे पाठवून तीन महिने झाले होते आणि खातं रिकामं होतं. १९३० चा उपयोग पहिल्या काही तासांत होतो. कार्डाने भरले असते तर निदान बँकेकडे दाद मागता आली असती. ते चार टक्के वाचवायला मी निघालो होतो.

त्या अधिकारी बाईंना भेटून आलो. त्या म्हणाल्या, "मी अजून एकदा विचारायला हवं होतं." मी म्हटलं, चूक तुमची नाही.

दादाचे पैसे मी दर महिन्याला थोडे थोडे परत करतोय. पहिला हप्ता त्याने त्याच दिवशी उलट पाठवला. दुसरा मी वहिनींच्या हातात नेऊन दिला.