‘<<’ ओव्हरलोडिंग : काही महिन्यांच्या वापरानंतर

सी प्लस प्लस या प्रोग्रामिंग भाषेत स्वतःच्या क्लाससाठी (स्वतः घडवलेल्या डेटा-प्रकारासाठी) छपाईचा ‘<<’ ऑपरेटर कसा लिहितात, म्हणजेच त्याचे ओव्हरलोडिंग कसे करतात, हे वाचकांना ठाऊक असेलच : डावीकडे ओस्ट्रीम (छपाई जिकडे जाते तो स्ट्रीम) असल्यामुळे फंक्शन क्लासबाहेर ठेवायचे, प्रायव्हेट डेटा लागला तर त्याला फ्रेंड करायचे (तो डेटा वाचायची मुभा द्यायची) आणि एकापुढे एक छापण्याची साखळी तुटू नये म्हणून त्याच स्ट्रीमचा रेफरन्स परत करायचा. पडदा असो, फाइल असो की स्ट्रिंगमध्येच छापणारा स्ट्रिंगस्ट्रीम, एकाच फंक्शनवर काम भागत असल्याने सुरुवातीला मी या सोयीवर बेहद्द खूश होतो.

मग एका अहवालातले रकाने वाकडे झाले. छपाईची रुंदी बारा जागा ठरवणारे सेटडब्ल्यू(१२) लावून माझ्या तारखेच्या क्लासमधली तारीख छापली, तर दिवसाच्या ५ या आकड्यापूर्वी अकरा जागा मोकळ्या सुटल्या आणि ‘/३/२०२४’ रकान्याबाहेर लोंबत राहिले. सेटडब्ल्यूची रुंदी लगेच पुढच्या एका छपाईपुरतीच टिकते, आणि आपला ऑपरेटर आत पाच तुकडे छापत असतो. सेटफिल (मोकळ्या जागा कशाने भरायच्या ते ठरवणारे) आणि हेक्स (आकडे सोळाच्या पायात छापणारे) मात्र कमालीचे चिवट, एकदा लावले की टिकून राहतात : दिवस दोन आकडी दिसावा म्हणून आत सेटफिलने शून्य लावले, की पुढच्या रकान्यातली ४५० ही रक्कम ०००००४५० होऊन अवतरते. एकाच ओळीत दोन परस्परविरुद्ध नियम सांभाळायला लावणारी ही रचना १९९८ च्या प्रमाणीकरणातही कायम राहिली, याचा मला अजून राग येतो. (ऑपरेटरच्या आत एंडलाइन, म्हणजे सक्तीची नवी ओळ, घालणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.)

हा ऑपरेटर मोडीत काढून साधे छपाईचे फंक्शन लिहिण्याच्या विचारात असतानाच मत बदलले. आत आधी ओस्ट्रिंगस्ट्रीममध्ये (फक्त लिहिण्यासाठीच्या स्ट्रिंगस्ट्रीममध्ये) पूर्ण तारीख जुळवायची आणि तयार झालेली स्ट्रिंग मूळ स्ट्रीमला एकदाच द्यायची, म्हणजे रुंदी सबंध तारखेला लागते आणि शून्येही बाहेर सांडत नाहीत. मात्र मोठ्या लूपमध्ये दर ओळीला नवा स्ट्रीम उभारण्याची ही उधळपट्टी माझ्यासारख्या काटकसरी माणसाला खुपते.

म्हणून अहवालांसाठी मी आता सी प्लस प्लस २० (भाषेची २०२० ची आवृत्ती) मधला फॉरमॅटर, म्हणजे किंमत मजकुरात कशी मांडायची ते ठरवणारा साचा, वापरतो. तो स्ट्रिंगच्या तयार फॉरमॅटरवरून डिराइव्ह केला (त्याच्यावर आधारून बनवला), की रुंदीची सोय आयती मिळते आणि मागे काहीही चिकटून राहत नाही. तरीही ‘<<’ काढलेला नाही, कारण गूगलटेस्ट या चाचणीच्या लायब्ररीमध्ये एखादी तुलना फसली की क्लासच्या ऑब्जेक्टमधली मूल्ये दाखवण्यासाठी हा ऑपरेटर कामी येतो, आणि छपाईची कुठलीच सोय सापडली नाही तर समोर नुसत्या बाइट्सची जंत्री येते.