व्हॉट्सअॅपचं 'रिपोर्ट' बटण: सोसायटीच्या ग्रुपवर कितपत उपयोगी?

अनोळखी नंबरवरून एखाद्या समाजाविरुद्ध गरळ आली, तर 'रिपोर्ट' ठीक आहे. कोथरूड-हडपसरच्या सोसायटी ग्रुपवर पाठवणारे तिसऱ्या मजल्यावरचे काकाच असतात. तिथे ही सोय जेमतेम निम्मं काम करते. पाचपैकी अडीच.

मेसेज दाबून धरा, तीन ठिपके, रिपोर्ट. तेवढा मेसेज कंपनीकडे जातो, काकांना कळत नाही. पण तो ग्रुपवर तसाच राहतो. अख्खा ग्रुप रिपोर्ट केलात तर शेवटचे पाच मेसेज जातात, आणि इथेच गोची होते: ग्रुप सोडून चॅट पुसण्याचा पर्याय समोर येतो. त्यावर खूण राहिली की पुरावा गेला.

म्हणून आधी स्क्रीनशॉट, तारीख-वेळेसकट. नाव सेव्ह असेल तर नंबर दिसत नाही, प्रोफाइलचा वेगळा काढा. मग 'एक्सपोर्ट चॅट', म्हणजे अख्खं संभाषण फाइलमध्ये उतरवून घेणं. ग्रुपवर 'अॅडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी' ही सेटिंग चालू असेल तर तेही होत नाही. फोन फॉरमॅट करू नका. कोर्टात डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

खरी किल्ली अॅडमिनकडे. कुणाचाही मेसेज तो सर्वांसाठी डिलीट करू शकतो. 'अॅडमिन म्हणून मीच अडकेन' ही सेक्रेटरींची आवडती सबब. पण सदस्याच्या पोस्टसाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्येच सांगितलंय.

धर्म, जात, भाषेवरून वैर पेटवणारा मजकूर असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. १९३० वर फोन करून वेळ घालवू नका, ती पैशांच्या फसवणुकीची हेल्पलाइन. पोलीस स्टेशनलाच जा. अर्जाची पोच म्हणजे एफआयआर नव्हे, हे लक्षात ठेवा. नोंद नाकारली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस उपायुक्तांना लेखी तक्रार टपालाने पाठवता येते.

बाकी बहुतेक फॉरवर्ड पोलिसांपर्यंत नेण्याजोगे नसतात. तिथे काकांना फोन करा, चारचौघांत पाणउतारा केला की ते आणखी हट्टाला पेटतात. खोडून काढताना मूळ फोटो पुन्हा टाकू नका, नुसती खरी माहिती लिहा. आणि मेसेजचा रोख सोसायटीतल्या एखाद्या भाडेकरू कुटुंबावर असेल, तर त्यांच्या बाजूने एक ओळ ग्रुपवरच टाका. त्यांना खासगीत 'वाईट वाटलं' कळवलंत, तर बाकीच्या सभासदांच्या लेखी तुम्ही गप्पच बसलात.