सवाई, चार मित्र आणि एक सतरंजी

आवडत्या गायकाला पोटभर ऐकायचं असेल तर सवाई, म्हणजे पुण्यात डिसेंबरात होणारा शास्त्रीय संगीताचा महोत्सव, ही त्यासाठीची पहिली जागा नव्हे. तिथे एकेकाच्या वाट्याला तास-सव्वा तास येतो, दुपारी सुरुवात करणाऱ्या तरुण कलाकाराला त्याहून कमी. दीड-दोनशे माणसांच्या सभागृहात तोच गायक एका ख्यालाला (एका रागाच्या सविस्तर गायनाला) जेवढा वेळ देतो, तेवढ्यात इथे अख्खी मैफल बसवावी लागते. पण तोच गायक मित्रांसोबत, हजारो कानांच्या गर्दीत ऐकायचा असेल तर सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला तोड नाही. या दोन गोष्टींत गल्लत केली की माणूस हिरमुसून परततो.

पार्श्वभूमी थोडक्यात. कुंदगोळचे गायक रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशींनी १९५३ साली हा महोत्सव सुरू केला. आयोजन आर्य संगीत प्रसारक मंडळाचं. बरीच वर्षं रमणबाग शाळेच्या पटांगणावर झाला, २०१८पासून मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. डिसेंबरात, बुधवार ते रविवार.

पूर्वीचं सवाई रात्रभर चालायचं. आता ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा आहे, एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते. म्हणून कार्यक्रम दुपारी सुरू होतो, रविवारी तर त्याहूनही लवकर. प्रत्येक रागाची गायची वेळ ठरलेली, त्यामुळे याचा परिणाम थेट रागांवर झाला. दुपारी भीमपलास, मुलतानी, पटदीप, मधुवंती. दिवेलागणीला मारवा, पूर्वी, श्री, पूरिया धनाश्री. मग यमन, शुद्ध कल्याण, बिहाग. दहाच्या आत बाहेर पडायचं तर फार तर बागेश्री, रागेश्री, जोग. मध्यरात्रीनंतरचा दरबारी आणि पहाटेचा ललित इथून जवळजवळ हद्दपार झाले. बदल्यात मुलतानीला दिवस आले, हेही खरं. भर दुपारचे हे राग एरवी मैफलीत मिळतात कुठे? संध्याकाळच्या गर्दीच्या भरवशावर दुपारची सत्रं बुडवणारे नेमके इथेच फसतात.

आता तिकीट. पाचही दिवसांचं हंगामी आणि एकेका दिवसाचं, असे दोन प्रकार. बसायला भारतीय बैठक किंवा खुर्ची. बैठक खुर्चीच्या मानाने खूपच स्वस्त. गुडघे ठीक असतील तर टोळक्याने डोळे झाकून बैठक घ्यावी. पैसे वाचतात हे आहेच, पण बैठकीत गोल करून बसता येतं, ताल देताना शेजाऱ्याच्या मांडीवर थाप पडली तरी चालते, आणि 'आत्ता लागला तो कोमल धैवतच ना?' हे भुवईनेच विचारता येतं. खुर्चीत चौघं मित्र एका ओळीत बसतात आणि टोकाच्या दोघांची गाठ थेट मध्यंतरात पडते. कुणाची पाठ किंवा गुडघा दुखरा असेल तर मात्र हट्ट नको. तीन तासांनंतर मांडी बदलत बसणारा माणूस स्वतः ऐकत नाही आणि मागच्यालाही ऐकू देत नाही.

खाली अंथरलेलं असतंच, तरी सतरंजी न्यावी. सहा बाय चार फुटांच्या सतरंजीवर तिघे ऐसपैस बसतात, चौघे गुडघ्याला गुडघा लावून. ती जाड असावी, कारण रात्री थंडी हवेतून लागते त्याआधी जमिनीतून चढते. दुपारी तिशीला टेकलेला पारा दहाच्या सुमाराला पंधरा-सोळावर आलेला असतो. दुपारी कुणालाच पटत नाही म्हणून मुद्दाम सांगायला हवं: शाल, मोजे आणि कानटोपी पिशवीत घालूनच निघावं. पाण्याची बाटली आणि माणशी चार-पाचशे रुपये सुटे. एका मैदानावर इतके फोन असले की नेटवर्क बसतं, वड्याच्या स्टॉलवर क्यूआर कोडसमोर गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत रांग खोळंबते. त्याच कारणाने चुकामूक झाल्यावर भेटायची जागाही आधीच ठरवून ठेवावी, फोनवर विसंबू नये.

जागा कुठे धरायची? बहुतेकांची धाव मंचाच्या पायथ्याशी असते. तिथून गायकाचा चेहरा दिसतो, पण मुख्य स्पीकर डोक्यावरून मागे निघून जातात आणि कानावर पडतो तो मंचावरच्या मॉनिटरचा (कलाकारांना ऐकू यावं म्हणून ठेवलेल्या स्पीकरचा) आवाज, बराचसा तबला. सगळ्यात चांगली जागा ध्वनिसंयोजकाच्या मिक्सरच्या थोडी पुढे, मधल्या रेषेवर. तो जे ऐकून आवाज लावतो तेच तुम्हाला ऐकू येतं. फार मागे बसण्याचा एक तोटा सहसा कुणी सांगत नाही. आवाज सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो, म्हणजे पन्नास मीटरवर पोहोचायला त्याला साधारण ०.१५ सेकंद लागतात. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, हे कळतही नाही. पण सतारीचा 'झाला', म्हणजे शेवटचा द्रुत भाग, मिनिटाला चारशे मात्रांवर (तालाच्या ठोक्यांवर) गेला की एक मात्रा नेमकी ०.१५ सेकंदांची होते. त्यामुळे मागच्यांची टाळी पुढच्यांच्या एक मात्रा नंतर पडते. तबलजीचा हात समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) उतरलेला दिसतो आणि 'धा' मागाहून येतो. मागे बसून 'हा बेताला झाला' असा शेरा मारण्याआधी एवढा हिशेब करावा.

दोन कलाकारांच्या मध्ये पंधरा-वीस मिनिटं जातात. नवखे मित्र इथे कुरकुरतात, पण उशीर उगाच होत नाही. गायकाची पट्टी, म्हणजे त्याचा 'सा', पेटीवरची काळी एक किंवा पांढरी दोन, त्यानंतरच्या गायिकेची काळी चार किंवा पाच, म्हणजे तानपुरे नव्याने लावायचे आणि तबल्याचा दायाँच (उजव्या हाताचा) बदलायचा. तारा गारठ्याने आकसतात, ताण वाढून स्वर वर सरकतो. तबल्याची शाई-पुडी, म्हणजे वरचं कातडं, दमट हवा पिऊन सैल पडते, तिचा स्वर खाली येतो. एक वर, एक खाली. म्हणून संध्याकाळ उतरत असताना हातोडी सारखी गठ्ठ्यांवर (कातडं ताणून धरणाऱ्या लाकडी तुकड्यांवर) पडत असते. संतूर असेल तर अजून धीर धरावा, शंभराच्या आसपास तारा असतात. तानपुऱ्याकडे मुद्दाम कान द्या. पहिली तार नेहमीसारखी पंचमाला ('प'ला) न लावता निषादाला ('नी'ला) लावली तर मारवा किंवा पूरिया येण्याची शक्यता दांडगी, मध्यमाला ('म'ला) लावली तर पंचम नसलेलं दुसरं काही. आपल्या कंपूत राग आधी ओळखण्याची पैज इथेच लागते, हरणाऱ्याने कॉफी आणायची.

प्रत्येक कलाकाराची पहिली पाच-दहा मिनिटं आवाजाच्या जुळवाजुळवीची. गायक आलाप न तोडता डावा तळवा हळूच वर उचलतो, म्हणजे तानपुरा वाढवा. पेटीकडे बोट दाखवून हात खाली दाबतो, म्हणजे ती कमी करा. मॉनिटर जास्त वाढवला की शीळ घुमते. या दहा मिनिटांवरून मत बनवू नये आणि या दहा मिनिटांत आत घुसूही नये. उशीर झाला तर विलंबित संपेपर्यंत कडेला उभं राहावं. विलंबितातला बडा ख्याल साधारण अर्धा तास, मग द्रुत लयीतला छोटा ख्याल किंवा तराणा दहा-पंधरा मिनिटं, उरलेल्यात ठुमरी, नाट्यपद किंवा अभंग. भीमसेनजींनी लावलेल्या गोडीमुळे अभंगाची फर्माईश हमखास होते. त्यापायी बडा ख्याल आखडता घेतला जातो तेव्हा वाईट वाटतं, पण सगळं मैदान विठ्ठलाच्या गजरावर टाळी धरतं तेव्हा ही तक्रार करायची शुद्ध राहत नाही.

खाण्याचे स्टॉल भरपूर. वडापाव, भजी, साबुदाणा वडा, चहा-कॉफी. गाणं संपल्या संपल्या सगळे तिकडे धावतात आणि पुढच्याचा आलाप सुरू होतो तेव्हा रांगेत निम्मेच पोचलेले असतात. त्यापेक्षा चौघांतल्या एकाने टाळ्या सुरू होताच निघावं, बाकीच्यांनी सतरंजी सांभाळावी, पुढच्या वेळी दुसऱ्याने जावं. भैरवी चालू असताना चपला शोधणाऱ्यांविषयी काही न लिहिलेलं बरं.

आवडता कलाकार शेवटचा असला तरी निदान दोन कलाकार आधी पोहोचा. जागा मिळावी म्हणून तर खरंच, पण कानही तापायला वेळ लागतो. थेट ऑफिसातून येऊन यमनाच्या विलंबितात बसलेल्या माणसाला पहिली वीस मिनिटं फक्त ट्रॅफिक ऐकू येतो.

यायला स्वारगेट मेट्रो सोयीची, तिथून रिक्षाने थोडं अंतर. गाडी आणणं टाळाच, मुकुंदनगरच्या गल्ल्या संध्याकाळी पाचलाच भरतात. परतीच्या शेवटच्या मेट्रोची वेळ घरून निघण्याआधीच बघून ठेवा. दहाला सगळं मैदान एकदम रस्त्यावर येतं, गेटासमोर रिक्षा मिळणं अवघड. सातारा रस्त्याच्या दिशेने दहा मिनिटं चालत गेलं तर मिळते.

वेळ असेल तर सकाळी शिवाजीनगरच्या सवाई गंधर्व स्मारकात होणारे 'षड्‌ज' आणि 'अंतरंग' हे उपक्रमही बघावेत. पहिल्यात संगीतावरचे लघुपट, दुसऱ्यात कलाकारांशी गप्पा. संध्याकाळी ज्याला ऐकायचं त्याला सकाळी बोलताना ऐकलं की दोन्ही वेळचं गणित जुळतं.

रविवारी शेवटपर्यंत थांबा. भीमसेनजींनंतर बरीच वर्षं समारोप गायिका प्रभा अत्रे करत. जानेवारी २०२४मध्ये त्या गेल्या, आणि त्या जागी कोण बसणार ही चर्चा बैठकीत अजून संपलेली नाही. शेवटच्या गायनानंतरही लगेच उठायचं नसतं. सवाई गंधर्वांच्या भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका वाजते, तबकडीच्या खरखरीसकट, अवघी काही मिनिटं. तेवढ्यात सतरंजी झटकू नका. घाई केलीत तरी रिक्षा अर्धा तास मिळणार नाहीच.