३० किलोचा टेबलटॉप काटा: डिस्प्ले नंतर बघा, आधी प्लेट वाचा
काटा चांगला आहे, घ्यायला हरकत नाही, पण बॉक्सवर मोठ्या अक्षरात छापलेलं 'हाय प्रिसिजन' वाचून घेऊ नका, काट्यावरची ती छोटी प्लेट वाचून घ्या. याच्यावर लिहिलंय कमाल ३० किलो, किमान १०० ग्रॅम, ई (पडताळणीसाठी धरलेली वजनाची एक पायरी) म्हणजे ५ ग्रॅम, आणि क्लास तीन, म्हणजे मध्यम अचूकतेचा वर्ग. बहुतेक दुकानातले काटे याच क्लासचे असतात. किमान १०० ग्रॅम म्हणजे त्याखाली आकडा दिसतो पण त्यावर विक्री करायची नाही, कारण ५ ग्रॅमची एक पायरी तिथे सरळ पाच टक्के होते.

आतमध्ये असतो लोड सेल, म्हणजे धातूचा एक ठोकळा. वजन ठेवलं की तो अगदी किंचित वाकतो, डोळ्याला कळत पण नाही, त्यावर चिकटवलेले स्ट्रेन गेज, म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्या, काही ताणले जातात काही दाबले जातात, त्यांचा रेझिस्टन्स बदलतो आणि ब्रिज सर्किटमधून थोडंसं व्होल्टेज निघतं. थोडंसं म्हणजे किती, तर पाच व्होल्ट दिले तर पूर्ण लोडला साधारण १० मिलिव्होल्ट, आणि त्याचे या काट्याला ६००० भाग (३० किलो भागिले ५ ग्रॅम) करायचे, म्हणजे एका पायरीला दोन मायक्रोव्होल्ट पण नाहीत! म्हणून सोबतचाच अडॅप्टर वापरा, पंख्याखाली ठेवू नका आणि चालू केल्यावर थोडा वेळ तापू द्या. मॅन्युअलमध्ये यातलं काहीच नाहीये, एवढ्या चांगल्या मशीनसोबत इतकं फालतू मॅन्युअल देणं मला अजिबात पटलं नाही.

आता सर्टिफिकेटचं, कारण इथेच लोक फसतात. मॉडेल अप्रूव्हल, म्हणजे त्या डिझाइनला मिळालेली मंजुरी, वेगळं आणि तुमच्या हातातल्या काट्याची पडताळणी वेगळी. मॉडेलची टेस्ट ओआयएमएल (वजनमापांची आंतरराष्ट्रीय संघटना) आर ७६ या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे होते, त्यात उणे १० ते ४० डिग्री तापमान, बराच वेळ लोड ठेवून आकडा सरकतो का, हे सगळं येतं. पण नंतर प्रत्येक पीस वेगळा तपासून शिक्का लागतो, त्यामुळे सर्टिफिकेटवरचा सीरियल नंबर काट्यावरच्या नंबरशी जुळवून बघाच. पहिल्या पडताळणीत याला अडीच किलोपर्यंत अडीच ग्रॅम, १० किलोपर्यंत ५ आणि त्यापुढे साडेसात ग्रॅम इकडेतिकडे चालतं, वापरात असताना याच्या दुप्पट.

आणि काटा मोजतो बल, वस्तुमान नाही. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत गुरुत्वाकर्षण सुमारे अर्धा टक्का बदलतं, ३० किलोला तो फरक १५० ग्रॅमच्या आसपास जातो, म्हणून लांबून मागवलेला काटा जिथे वापरणार त्या ठिकाणासाठी ॲडजस्ट केलेला आहे का ते विचारा.

मी एम-१ क्लासचं (काटे तपासायचं प्रमाणित) १० किलोचं वजन आणून चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितलं, कमाल क्षमतेच्या एक तृतीयांश लोड कोपऱ्यावर ठेवायचा असा नियमच आहे, आकडा कुठेही हलला नाही. खरंच खूप आवडलं हे. लेव्हलचा बुडबुडा मात्र पॅनखाली दडवलाय, दर वेळी पॅन उचलावा लागतो, तो बाहेर हवा होता. कॅलिब्रेशनचं बटण सीलच्या आत आहे ते बरोबरच आहे, फक्त रिपेअरला सील तोडलं तर पुन्हा पडताळणी करून घेतल्याशिवाय त्यावर माल विकू नका.