पंपाची हवा की झडपेची?

एक्झॉस्टमधलं अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि कार्बन मोनॉक्साइड जाळायला ताजी हवा लागते. १९७०-८० च्या दशकांतल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत ती बेल्टवर फिरणारा पंप ढकलायचा. व्हॉल्व्ह दिशा ठरवायचे: इंजिन थंड असताना मॅनिफोल्डकडे (इंजिनातून धूर गोळा करणाऱ्या नळ्या), तापल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे (धूर स्वच्छ करणारा डबा), आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडला की थेट बाहेर; नाहीतर सायलेन्सरमध्ये फटाका!

आपल्याकडच्या अनेक बाइकवर पंपाची भानगडच नाही. एक्झॉस्टच्या ठोक्यामागे क्षणभर दाब घटतो, तेवढ्यात झडपेची पातळ पट्टी उघडून हवा आत ओढली जाते. इंजिनाची ताकद खात नाही, पण आरपीएम वाढले की पट्टीला तो वेग झेपत नाही. मला तरी हीच पद्धत आवडते. मात्र पट्टी काजळीने अडकली तर गरम धूर उलटा येतो. झडपेला हवा आणणारी रबरी नळी काढून बघा, आतून काळी, कडक झालेली सापडेल.